माग

वडकबाळच्या पुलापाशी एसटी थांबली
तेव्हा कंडक्टरनं विचारलं, इथं कुणाकडं?
कुणाकडं नाही, म्हटलं. नदीकडं.
तो माझ्या नव्या बुटांकडं बघत राहिला.

बूट डॉक्टरीणबाईंमुळं. रोज चाला, म्हणाल्या.
त्यांना सांगितलं नाही
की एकेचाळीस वर्षं चालतोच आहे,
चार मागांच्या मधल्या दहा पावलांत.
पुढं जायचं, तुटलेला धागा जोडायचा, मागं यायचं.
नरसय्या म्हणायचा, ही पावलं सरळ रेषेत टाकली असती
तर दोघं काशी करून आलो असतो बे,
वर थोडी सुट्टी उरली असती.

आज तो येणार होता.
पहाटे त्याच्या नातवाचा फोन आला:
तात्याला धाप लागतीय.

पुलाखालून सीनेच्या डाव्या अंगानं निघालो.
मोबाइलवर वाट होती, निळी, ठिपक्याठिपक्यांची.
दोनशे पावलांवर ती पाण्यात गेली.
मी काठावर उभा. मोबाइलमध्ये मी पलीकडं पोचलेला.

डोक्याच्याही वर, बाभळीच्या फांद्यांत
अडकलेला कडबा, एक लाल परकर, खताचं पोतं.
भादव्यात पाणी इथवर होतं
हे झाड कुणाला सांगत नव्हतं,
नुसतं धरून उभं होतं.

गाळात एक बाई हरभरा टोबत होती.
सुगलाबाई. (नाव मागाहून कळलं,
पाणी प्यायला तांब्या दिला तेव्हा.)
वाट कुठाय, म्हटलं.
तिनं मानही वर केली नाही.
औंदा हितनं हाय, म्हणाली.

औंदा.
मी हा शब्द खिशात टाकून चालू लागलो.
मळई मऊ, बूट जड होत गेले,
मग काढले, नाड्या बांधून गळ्यात टाकले.
माझ्यापुढं टिटवीची पावलं,
बारीक, तिरकी, कुठल्या चादरीवर न काढलेली नक्षी.
कोणी शिकवली असती
तर पंच कार्डं पाडली असती मी.

कुडलच्या अलीकडं वाट संपली.
तिथं मलकप्पा कोळ्याची काईल होती.
गूळ कढवून कढवून जी म्हातारी झाली
तिला आता पाण्यात ठेवलेली.
बसलो. वल्हं एकच. ती गरगर फिरू लागली.
मी कडा घट्ट धरल्या. मलकप्पा हसला.
फिरू द्या की. काईल सरळ जात न्हाई कवा,
पर जाती.

फिरता फिरता एकदा सीना दिसली,
एकदा भीमा, एकदा मी आलो तो काठ.
आणि मला वाटलं, हे एवढं रुंद रान,
ही काळी सपाटी, ज्वारी, दगडी पायऱ्या, बांध,
सगळं नदीचाच ताणा आहे.
ती धोट्यासारखी यावरून जाते,
एका पुरात इकडं, एका पुरात तिकडं,
घाई नाही, मुकादम नाही,
पगाराचा शनिवार नाही.

मधोमध नरसय्याला फोन लावला.
तो सवयीनं ओरडला. आम्ही दोघंही ओरडूनच बोलतो,
मागांनी कान खाल्ले तेव्हापासून.
कुठं आहेस?
पाण्यावर.
आवाज कसला येतोय?
काहीच नाही.
हां, तोच. तोच कसला?

मी फोन पाण्याजवळ धरला.
मलकप्पानं वल्हं उचलून मांडीवर आडवं घेतलं,
कुणी न सांगता.
बराच वेळ पलीकडून
फक्त त्याचा श्वास येत होता,
खाली, वर, मधे एक धागा तुटल्यासारखा,
पुन्हा जोडल्यासारखा.

मग म्हणाला, हळू आवाजात,
इतक्या हळू मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं:
माझ्या मापाचे बूट बघून ठेव.
आठ नंबर.
डावा पाय जरा मोठाय.